जर्मनीत चौघांनी मिळून घर कसं थाटावं

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या फायली मी दर वर्षी बघते. मी स्वतः तिकडे वेगवेगळ्या घरांत राहिले, कधी आपल्या माणसांबरोबर, कधी अगदी अनोळखी लोकांबरोबर. बडोद्याला परतल्यापासून जून उजाडला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी पुतणी प्रश्न घेऊन हजर असते. प्रवेशाचं पत्र, एपीएस (आपल्या पदव्या-गुणपत्रिका तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंट (वर्षाच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवलेलं खातं), आरोग्य विमा, व्हिसा हे सगळं त्यांनी चोख केलेलं असतं, ते इथे सांगत बसत नाही. घराचं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं: "आम्ही चौघं आहोत ना, तिकडे गेल्यावर मिळून बघू."

त्यात सल्ला देणारे भर घालतात. पोचल्यावर आठवडाभर पर्यटकांच्या हॉस्टेलात राहा, घर मिळून जातं. पत्ता काय, मित्राचा टाक. एकाच्या नावावर घर घ्या, बाकीचे राहतील. अलकापुरीतल्या एका एजंटाच्या कार्यालयात तर हे छापील पानावर दिलेलं मी पाहिलं आहे. हे तिन्ही सल्ले घातक आहेत.

निघण्याआधी

विंटर सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं. बडोद्याच्या मुलांची पंचाईत अशी की नवरात्र त्याच सुमाराला येते आणि "गरबा करून निघू" असा हट्ट होतो. नेमक्या त्याच आठवड्यांत विद्यापीठाच्या प्रत्येक गावात मुलं खोलीसाठी रांगेत उभी असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला पोचा. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही, आईवडिलांचंसुद्धा.

श्टुडीरेंडेनवेर्क नावाच्या संस्था विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवतात. प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी तिथे अर्ज टाका. यादी लांब असते, म्हणून थांबायचं नाही, अर्ज आधी टाकायचा. तिथल्या सामायिक घरांत प्रत्येक खोलीचा करार वेगळा असतो. हे किती मोलाचं आहे ते पुढे कळेल.

खासगी घरांसाठी वेगे-गेझुख्त ही वेबसाइट सगळे वापरतात. 'वे-गे' म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेलं घर, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकत्र. तिथे निरोप पाठवताना चार ओळी स्वतःबद्दल लिहा: काय शिकता, किती दिवसांसाठी खोली हवी, स्वयंपाक करता का. नुसतं "इज इट अव्हेलेबल" लिहिणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही.

मालक परदेशात आहे, चावी पोस्टानं येईल, डिपॉझिट आधी पाठवा, असं कुणी म्हटलं की तिथेच थांबा. फोटो कितीही छान असोत. ओळखीच्या कुणीतरी घर पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक पैसा पाठवायचा नाही. बडोद्याचं माणूस जर्मनीच्या बहुतेक मोठ्या शहरांत सापडतं. मामेबहिणीच्या नणंदेचा मुलगा असला तरी फोन करायला लाजू नका.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. युरोपीय संघाच्या बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे आजीचं साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवा. लीलो चिवडा, मसाले, गोडा मसाला खुशाल न्या. आणि कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालेल असा स्टीलचा न्या. तिकडे बहुतेक घरांत विजेची शेगडी असते, अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही.

घर कुणाच्या नावावर?

आता खरी पायरी. मला स्वतःला तिकडे भाषेनं, थंडीनं किंवा अभ्यासानं जितकं छळलं नाही तितकं या प्रश्नानं छळलं. इथे घाई केली की पुढचं वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

अनेकांनी मिळून घर घेण्याच्या तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींत तुमची जबाबदारी अगदी वेगळी आहे.

पहिली तऱ्हा: चौघांचीही नावं आणि सह्या एकाच करारावर. ऐकायला हे सगळ्यात न्याय्य वाटतं. पण जर्मन कायद्यानं हे चौघे संपूर्ण भाड्याला एकत्रितपणे बांधलेले असतात. मालक 'माझा चौथा हिस्सा मी दिला' हे ऐकून घ्यायला बांधील नाही. एकानं भाडं थकवलं तर तो ते उरलेल्या तिघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, सगळं एकाकडूनच मागितलं तरी चालतं. शिवाय यातून एकट्यानं बाहेर पडता येत नाही. नोटीस द्यायची तर चौघांनी मिळून, नाहीतर मालकाच्या संमतीनं करारात नाव बदलून घ्यायचं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाला फेब्रुवारीत दुसऱ्या शहरात इंटर्नशिप मिळाली. तो बॅग भरून गेला, व्हॉट्सअॅप ग्रुपवर "मी निघतोय" एवढं टाकलं आणि त्याच्या मते विषय संपला. मागे राहिलेल्या तिघांना त्याचा हिस्सा कित्येक महिने भरावा लागला, कारण मालकाच्या दृष्टीनं तो अजून भाडेकरूच होता. शाळेपासूनची मैत्री त्यात तुटली. वाईट कुणीच नव्हतं. करारात काय लिहिलंय ते कुणी वाचलं नव्हतं.

दुसरी तऱ्हा: एकजण मुख्य भाडेकरू, म्हणजे हाउप्टमीटर, आणि बाकीचे त्याचे पोटभाडेकरू. 'एकाच्या नावावर घ्या' हा सल्ला देणाऱ्यांच्या डोक्यात हीच तऱ्हा असते. पण त्या एकाच्या डोक्यावर काय येतं ते कुणी सांगत नाही. मालकाशी फक्त त्याचा संबंध. पूर्ण भाडं, भिंतीचं नुकसान, हरवलेली चावी, सगळं त्याच्याकडून वसूल होतं. आणि पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी लागते. ती लेखी घ्या. परवानगीशिवाय माणसं ठेवली तर मालक ताकीद देऊन करारच मोडू शकतो, मग चौघंही रस्त्यावर.

पोटभाडेकरूनं एक कलम नीट बघावं. मुख्य भाडेकरू त्याच घरात राहत असेल आणि खोली फर्निचरसकट दिली असेल, तर 15 तारखेपर्यंत नोटीस दिली की महिनाअखेर खोली रिकामी करता येते, आणि करायलाही लावता येते. तुम्हाला लवकर बाहेर पडायचं असेल तर हे सोयीचं. परीक्षेच्या महिन्यात नोटीस तुमच्याच हातात आली तर नाही.

तिसरी तऱ्हा: मालकाशी प्रत्येक खोलीचा स्वतंत्र करार. शेजारच्या खोलीतला भाडं देतो की नाही याच्याशी तुमचा संबंध नाही. पहिल्या वर्षी, नवा देश, नवी भाषा असताना, मी प्रत्येकाला हेच घ्यायला सांगते. खोली थोडी लहान असली, विद्यापीठापासून ट्रामनं वीस मिनिटं लांब असली तरी. चौघांनी एकाच घरात राहायचा आग्रह पहिल्या वर्षी सोडा. एका गावात आहात, रविवारी एकत्र जेवा.

तरीही पहिल्या किंवा दुसऱ्या तऱ्हेनंच घर मिळत असेल, आणि मोठ्या शहरांत तसंच मिळतं, तर आपापसात एक कागद करा. इथे दर वेळी मला तोच प्रश्न येतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. म्हणाला, "ताई, सगळी आपलीच मुलं आहेत, त्यात कागद कसला करायचा?" वडिलांचं रावपुऱ्यात दुकान आहे. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "अरे, सख्ख्या भावाबरोबर धंदा करतो मी, तिथेसुद्धा भागीदारीचा कागद आहे. लिही गुपचूप."

कागद एक पानाचा, मराठीत लिहिला तरी चालतो. कोणती खोली कुणाची आणि कुणाचा हिस्सा किती (मोठ्या खोलीला जास्त, हे आधीच ठरवा). डिपॉझिट कुणी किती दिलं. मधेच कुणी गेलं तर त्यानं बदली माणूस शोधून द्यायचा आणि तो येईपर्यंत, निदान तीन महिने, आपला हिस्सा भरायचा. वर्षाच्या हिशोबाचं बिल आलं तर त्या काळात राहिलेल्या सगळ्यांनी वाटून घ्यायचं, घर सोडून गेलेल्यांनीसुद्धा. तारीख, सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत. हे सगळं चहाच्या एका फेरीत होतं.

मालकाचा दाखला आणि आनमेल्डुंग

नावाचा प्रश्न इथे संपत नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत त्या गावच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही. घर देणाऱ्यानं सही केलेला वेगळा दाखला लागतो: वोनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग. नाव भारदस्त आहे, पण फॉर्म साधाच आहे. घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्यांची नावं, खाली सही. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर हा दाखला मुख्य भाडेकरू देऊ शकतो. मालकाच्या मागे धावायची गरज नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

खोली ठरवतानाच विचारा: "आनमेल्डुंग करता येईल ना?" उत्तर 'नाही' किंवा 'बघू' असेल तर ती खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी. नोंदणीशिवाय टॅक्सचा क्रमांक येत नाही, राहण्याच्या परवान्याचं काम पुढे सरकत नाही, अनेक बँका खातंही उघडत नाहीत. तुमचा प्रवेशाचा व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो, तेवढ्यात हा परवाना घ्यायचा असतो.

आणि 'मित्राचा पत्ता टाक' हा सल्ला. जिथे राहत नाही तिथली नोंदणी करणं बेकायदा आहे. असा आपला पत्ता दुसऱ्याला वापरायला देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्ही ज्या मित्राचे उपकार घेताय त्यालाच खड्ड्यात घालताय. काही लोक पैसे घेऊन पत्ता विकतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. खरंच काही दिवस मित्राकडे राहणार असाल आणि मालकाची हरकत नसेल, तर रीतसर दाखला घेऊन नोंदणी करा, नंतर घर बदललं की पुन्हा करा. त्यात काही लपवायचं नाही.

मोठ्या शहरांत या कार्यालयाची तारीख मिळायला आठवडे जातात. त्यामुळे तारीख बडोद्यातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तरी घ्या आणि त्याचा ईमेल जपून ठेवा. जाताना पासपोर्ट, दाखला आणि भरलेला फॉर्म न्या. दाखल्यावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव पासपोर्टवर कधी असतं, कधी नसतं, आणि करारावर भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. ते आधी जुळवून घ्या.

हे झालं की घरी येऊन टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. हे मी अगदी ओरडून सांगते आणि तरीही मुलं विसरतात. तिकडे पत्त्यात फ्लॅट नंबर सहसा नसतो. पोस्टमन बेलच्या आणि पेटीच्या पट्टीवर आडनाव शोधतो. काचेच्या पट्टीखाली बोटभर जागा असते, तिथे चौघांची आडनावं ठळक छापील रोमन अक्षरांत बसवा. नाव दिसलं नाही की पत्र परत जातं. टॅक्सचा क्रमांक, बँकेचं कार्ड, विम्याची पत्रं, सगळं टपालानंच येतं. घरात दोन जाधव असतील तर पहिल्या नावाचं आद्याक्षरही लावा.

पैसे

सप्टेंबर 2024 पासून विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला 11,904 युरो ठेवावे लागतात, त्यातून महिन्याला 992 सुटतात. डिपॉझिट मात्र मूळ भाड्याच्या, म्हणजे काल्टमीटेच्या, तीनपटीपर्यंत असू शकतं. पहिल्या 992 मध्ये भाडं, डिपॉझिट, गादी आणि किराणा बसणारच नाही. वेगळी रक्कम घेऊन जा. डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानं भाडेकरूला आहे. नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही. रोख देऊ नका, बँकेतूनच द्या.

जाहिरातीतलं भाडं काल्ट आहे की वार्म, हे बघा. वार्ममध्ये पाणी, हीटिंग वगैरेची आगाऊ रक्कम धरलेली असते, पण ती आगाऊच असते. वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि हीटर भरमसाट चालवला असेल तर मोठी भर पडते. आपली मुलं जानेवारीत खिडकी तिरपी उघडी ठेवून हीटर पाचवर ठेवतात, त्याचं बिल तोवर दुसऱ्या गावी गेलेल्यालाही भरायला लागावं म्हणूनच वरच्या कागदात ते कलम आहे. वीज बहुधा वेगळी, एकाच्या नावावर असते. ज्याच्या नावावर असेल त्याला बाकीच्यांनी महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला पैसे द्या.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला महिना 18.36 युरो आहे, टीव्ही असो वा नसो. ती घरामागे एकदाच भरायची. नोंदणी झाली की प्रत्येकाच्या नावानं पत्र येतं. घाबरून चौघांनी भरू नका आणि फेकूनही देऊ नका. एकानं भरायची, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा, हाफ्टफ्लिष्ट, पहिल्याच महिन्यात घ्या. संपूर्ण इमारतीच्या कुलपांना चालणारी चावी हरवली तर खर्च फार मोठा येतो. पॉलिसीत चाव्यांचा समावेश आहे ना, ते बघून घ्या.

ताबा घेताना

प्रत्येक भिंत, जमीन, बेसिन, ओव्हन यांचे फोटो, मीटरचे आकडे, मिळालेल्या चाव्या किती, हे सगळं ताब्याच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. मालक कितीही गोड बोलला तरी.

रोजचं राहणं

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. रविवारी दुकानं बंद, शनिवारी किराणा आणा. कचरा चार प्रकारांत. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानात परत दिल्या की प्रत्येकी 25 सेंट परत मिळतात.

हवा खेळती ठेवण्याबद्दल मात्र थोडं. हिवाळ्यात खिडक्या दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि बंद करायच्या, तेवढा वेळ हीटर बंद. दिवसभर फट ठेवायची नाही. चौघांचा भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या, खोलीत वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतीत मुरते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. ती डिपॉझिटमधून कापली जाते. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर बोळातला धुराचा अलार्म सगळी इमारत उठवेल.

कामाच्या वाटणीसाठी फ्रिजवर तक्ता लावा. संडास-बाथरूम आठवड्याला एकाचं, स्वयंपाकघर दुसऱ्याचं. घरी ज्या मुलानं कधी भांडं विसळलेलं नाही त्यानं निघण्याआधी आईकडून महिनाभर शिकून घ्यावं. मुलींच्या गळ्यात आपोआप स्वयंपाक पडतो, ते मुळीच चालू देऊ नका.

सोडताना

सर्वसाधारण करारात भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाला मिळाली तरच तो महिना धरला जातो. नोटीस कागदावर, पेनाच्या सहीची हवी. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरची नोटीस ग्राह्य नाही. करारात 'इतके महिने सोडता येणार नाही' असं कलम आहे का ते सही करण्याआधीच बघा. तुमच्या जागी येणारा जर तुमचं डिपॉझिट तुम्हालाच देत असेल, तर पावती करा आणि मालकाला लेखी कळवा, नाहीतर त्याचे पैसे कुणाकडे आहेत यावरून पुढच्या मुलांत भांडण होतं.

जर्मनीतच दुसरीकडे गेलात तर नव्या पत्त्याची नोंदणी पुरते. देश सोडणार असाल तर आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी रद्द, करावी लागते. ती निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येते. तिचा दाखला बॅगेत वर ठेवा, कारण विमा आणि फोनचे करार बंद करायला बडोद्यात बसून तोच स्कॅन करून पाठवावा लागतो.